ऑफ-रोड गाडीत लॅपटॉप बसवायचा तर: पाया, दांडा, वीज आणि जीपीएस

प्रश्न थोडक्यात असा. गाडी लॅडर फ्रेमची, म्हणजे वेगळ्या पोलादी चॅसीवर बॉडी बसवलेली, फोर बाय फोर. लॅपटॉप साधा, १५.६ इंची, वजन २.२ किलो. त्यावर ओझीएक्सप्लोरर किंवा क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये स्कॅन केलेले नकाशे उघडायचे आणि शेजारी बसलेल्याने वाट दाखवायची. बेत असा आहे की, लवचीक मानेचा गूजनेक दांडा गिअरच्या बोगद्यावर (पुढच्या दोन सीटांमधल्या उंचवट्यावर) पत्र्याच्या स्क्रूंनी लावायचा, ट्रेवर जाड स्पंज टाकून लॅपटॉप ठेवायचा आणि वीज इन्व्हर्टरमधून घ्यायची. हे टिकेल का?

नाही टिकणार. यातल्या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतील. पण खर्चाचा मोठा भाग लॅपटॉपवर नाही, पायावर आणि वायरिंगवर होणार आहे. साधा लॅपटॉप नीट धरला तर कच्च्या वाटेवर वर्षानुवर्षे चालतो. उलट महागडा मजबूत लॅपटॉप डुलणाऱ्या दांड्यावर ठेवला तर त्याचा यूएसबी सॉकेट आणि बिजागरी आधी जाते.

थरथर कुठून येते आणि स्पंज का नको

गाडीची बॉडी स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण १ ते २ वेळा वरखाली होते. ही हालचाल दिसायला मोठी, पण लॅपटॉपला तिचा त्रास नाही. चाकं आणि ॲक्सल सेकंदाला १० ते १५ वेळा उसळतात. आणि पन्हळी पडलेला कच्चा रस्ता सगळ्यांत वाईट. पन्हळींमधलं अंतर ६० सेंटीमीटर ते १ मीटर धरलं आणि वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर असेल, तर गाडीला सेकंदाला १७ ते २८ धक्के बसतात. तेही तासन् तास, एकाच लयीत.

आता दांडा, ट्रे आणि लॅपटॉप मिळून जो सांगाडा होतो त्याचीही स्वतःची एक लय असते. रस्त्याची लय त्या लयीला जुळली की हालचाल कित्येक पटींनी वाढते. गूजनेकवर ठेवलेला लॅपटॉप सेकंदाला ५ ते ८ वेळा डुलतो, म्हणजे चाकांच्या उसळीच्या अगदी शेजारी.

स्पंजाचंही तेच. रबर किंवा स्पंज धक्का अडवतो तो फक्त त्याच्या स्वतःच्या लयीच्या सुमारे १.४ पट वरचा. त्याखालचे धक्के तो जसेच्या तसे पुढे पाठवतो किंवा वाढवून पाठवतो. लॅपटॉप ठेवल्यावर स्पंज ३-४ मिलिमीटर दबला तर त्याची लय ८-९ येते. म्हणजे ११-१२ पर्यंतचे धक्के तो वाढवणार, आणि मोठा खड्डा आला की पूर्ण दबून खाली आपटणार. तो हवा कोंडून लॅपटॉप तापवतो, ही वेगळीच अडचण. ट्रेवर ३ मिलिमीटरचं घट्ट निओप्रीन पुरे आहे, तेही घसरू नये आणि पत्रा वाजू नये एवढ्यासाठीच.

मग उपाय काय? सांगाडा इतका ताठ करायचा की त्याची लय रस्त्याच्या लयीच्या वर जाईल. हे मोजायची सोपी रीत आहे. ट्रे, वरचा सांधा आणि लॅपटॉप यांचं एकूण वजन काढा, समजा ३.५ किलो. लॅपटॉप काढून ठेवा, साध्या स्प्रिंग काट्याने ट्रेला तेवढ्याच, म्हणजे ३.५ किलोच्या जोराने खाली ओढा आणि ट्रेची कड किती मिलिमीटर सरकली ते पाहा. मग बाजूला ओढा, मग पुढे-मागे. १५.८ ला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागलं की सेकंदाला किती हेलकावे ते कळतं. ४ मिलिमीटर सरकला तर ८, एक मिलिमीटरला १६, पाव मिलिमीटरला ३२. तिन्ही दिशांना पाव मिलिमीटरच्या आसपास आणायचं. एवढं थोडं अंतर डोळ्यांनी दिसत नाही. डायल गेज नसेल तर ट्रेच्या कडेजवळ एक पक्का ठोकळा धरून मधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा.

बहुतेक दांडे वरखाली ठीक असतात आणि आडवे नापास होतात. एकाच दिशेला ओढून समाधान मानू नका.

हात आखूड करा

बाहेर आलेल्या दांड्याचं झुकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ४०० मिलिमीटरचा हात २०० वर आणला तर झुकणं आठपट कमी होतं. दुसरं कोणतंही साहित्य बदलून इतका फरक पडत नाही. म्हणून आधी माणूस कुठे बसणार, त्याचे हात कुठे पोचणार, गिअर आणि ट्रान्स्फर केसचा लिव्हर कुठवर येणार हे पाहून ट्रेची जागा ठरवा, आणि पाया त्या जागेच्या शक्य तितका थेट खाली आणा. लांब हाताने पाहिजे तिथे फिरवता येईल, हा मोह टाळा. नेव्हिगेटरला लॅपटॉप फिरवायचा नसतो, वाचायचा असतो.

नळी जाड व्यासाची घ्या. भिंतीची जाडी तेवढीच ठेवून २५ मिलिमीटरऐवजी ४० मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी घेतली तर ती सुमारे चौपट ताठ होते. २ ते ३ मिलिमीटर भिंतीची साधी माइल्ड स्टीलची नळी उत्तम. ॲल्युमिनिअम हलकं आहे, पण त्याला सततच्या थरथरीत थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. वाकवलेल्या कोपऱ्यात किंवा भोकाच्या कडेला बारीक चीर पडते आणि ती पसरत जाते. ट्रे ॲल्युमिनिअमचा चालेल, भार घेणारा दांडा नको.

तयार सामान घ्यायचं असेल तर रॅमसारख्या कंपन्यांचे गोळा-सांध्याचे दांडे मिळतात. एक इंची गोळा फोनसाठी आहे, लॅपटॉपसाठी नाही. खाली सांगितलेली आडवी टेकण लावणार असाल तर दीड इंची गोळा चालेल. टेकण नसेल तर सव्वादोन इंचीच घ्या. गोळ्याच्या रबराने थोडी थरथर मुरते हा त्याचा फायदा. पण तो फक्त दाबाने धरलेला असतो, तेव्हा हिशेब बघा. ३.५ किलो वजन, ३ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट, धक्का आणि ३०० मिलिमीटरचा हात म्हणजे सांध्यावर सुमारे ३१ न्यूटन-मीटरचा पीळ. एवढा पीळ रोज हजारो वेळा बसला की गोळा हळूहळू फिरतो आणि दुपारपर्यंत स्क्रीन गुडघ्याकडे झुकलेली असते. फुलपाखरी नट आणखी आवळून उपयोग नाही, पीळच कमी करायला हवा.

तो कमी करते टेकण. ट्रेच्या मागच्या कडेपासून डॅशबोर्डच्या आतल्या पोलादी आडव्या नळीपर्यंत किंवा ग्रॅब हँडलच्या बोल्टांपर्यंत एक आखूड आधार द्या. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकला स्क्रू मारलेली टेकण पहिल्याच आठवड्यात प्लॅस्टिक फाडते. रोल केज असेल तर तिच्या नळीला क्लॅम्प लावणं सगळ्यांत सोपं. एक पथ्य पाळा: पाया आणि टेकण दोन्ही बॉडीवरच हव्यात. लॅडर फ्रेमच्या गाडीत बॉडी आणि चॅसी यांच्यात रबराच्या गाद्या असतात आणि दोघं एकमेकांच्या तुलनेत हलतात. एक टोक चॅसीला जोडलेल्या कशावर आणि दुसरं बॉडीवर असेल तर काहीतरी तुटणारच.

पाया कुठे पकडायचा

गिअरच्या बोगद्याचा पत्रा पातळ असतो आणि पत्र्याचे स्क्रू थरथरीत भोक मोठं करून निघतात. शिवाय त्याखाली गिअरबॉक्स आणि वायरिंग आहे. पाया घ्यायचा तो शेजारच्या सीटच्या रुळाच्या बोल्टांवर. ते मुळातच माणसाचा भार आणि अपघाताचा ताण घेण्यासाठी बनवलेले असतात, आणि त्यासाठी गाडीत एकही नवं भोक पाडावं लागत नाही.

५ मिलिमीटर पोलादी पट्टीची पायपट्टी करा. ती रुळाच्या पुढच्या दोन बोल्टांखाली बसेल, नाहीतर पुढच्या आणि मागच्या आतल्या बोल्टांखाली. दोन बोल्ट हवेतच. एकाच बोल्टवर पट्टी त्याच्याभोवती फिरते. ५ मिलिमीटरची पट्टी मध्ये आली की बोल्टचे तेवढे आटे कमी पकडतात, म्हणून त्याच ग्रेडचा, पण ५ मिलिमीटर जास्त लांबीचा बोल्ट घ्या. बोल्टच्या व्यासाइतकी तरी आट्यांची पकड राहिली पाहिजे. डोक्यावर ८.८ की १०.९ लिहिलं आहे ते वाचा, १०.९ च्या जागी ८.८ घालू नका. टॉर्क गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला, टॉर्क पान्यानेच.

सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅग आणि बेल्ट ओढणाऱ्या यंत्रणेचे. बॅटरीचं निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय सीट उचलू नका. त्या वायरींचा ताण, पट्टीच्या कडेला घासणं आणि सीटखालच्या वजनाच्या सेन्सरवर पट्टी टेकणं, तिन्ही टाळा. पायपट्टी रुळाच्या स्थिर भागालाच जोडा. सरकत्या भागाला जोडली तर सीट मागे घेताना टेकण डॅशबोर्डवरून उपटली जाते.

जमिनीला भोक पाडणं भागच असेल तर आधी गाडीखाली झोपून ब्रेकच्या नळ्या, इंधनाची नळी आणि वायरिंग कुठून जातं ते बघा. खालून ५० बाय ५० मिलिमीटरची ३ मिलिमीटर जाड पोलादी प्लेट, एम ८ बोल्ट, नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला) नट. भोकाच्या कडेला झिंक प्रायमर आणि वर सीलंट. नाहीतर पाणी ओलांडताना पाय ओले होतील आणि वर्षभरात पत्रा गंजेल.

नायलॉक बसत नाही तिथे मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा गोंद), म्हणजे निळा. लाल घातला तर बोल्ट पुन्हा काढायला आच द्यावी लागते. स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका, अशा थरथरीत तो काही धरत नाही.

आता सुरक्षिततेबद्दल स्पष्ट सांगतो. शेजारच्या सीटपुढे एअरबॅग असेल तर ती उघडते त्या जागेत ट्रे, दांडा, टेकण यातलं काहीही येता कामा नये. एअरबॅग डोळा लवायच्या आत उघडते आणि तिच्या वाटेतला लॅपटॉप ती माणसाच्या तोंडावर फेकते. जागा अशी हवी: डॅशबोर्डच्या वरच्या कडेपेक्षा खाली, बोगद्याच्या बाजूला ओढलेली, माणसाच्या छाती आणि डोक्यापुढून दूर. समोरासमोरच्या धडकेत २५ जी धरलं तर ३.५ किलोचं सामान सुमारे ८७ किलोच्या जोराने पुढे जातं. म्हणून लॅपटॉप नुसता व्हेल्क्रोने चिकटवून ठेवणं हा धोका आहे. ट्रेच्या कडांचे हुक आणि शिवाय तळव्यांच्या जागेवरून २५ मिलिमीटरचा कॅम बकलचा पट्टा, दोन्ही हवेत. चालकाला दिसणाऱ्या स्क्रीनबद्दल बऱ्याच देशांत नियम आहेत. तसेही स्क्रीन नेव्हिगेटरकडेच वळलेली असावी. एकटे जात असाल तर गाडी थांबवून नकाशा बघा.

ट्रे आणि खुद्द लॅपटॉप

ट्रेचा तळ सलग पत्र्याचा नको. मोठी भोकं किंवा पट्ट्या असू द्या आणि लॅपटॉपखाली १५-२० मिलिमीटर मोकळी हवा राहू द्या. कडेचे हुक लावण्याआधी लॅपटॉप चालू करून पंख्याची हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते ते हाताने पाहा, मगच हुकांची जागा ठरवा.

स्क्रीनला स्वतंत्र आधार द्या. लॅपटॉपची बिजागरी टेबलावरच्या वापरासाठी केलेली असते. पन्हळीवर स्क्रीन फडफडते, बिजागरीचे प्लॅस्टिकमध्ये बसवलेले पितळी नट उपटले जातात आणि आतून जाणारी डिस्प्लेची केबल तुटते. ट्रेच्या मागून दोन आखूड हात वर आणून, टोकाला रबर लावून स्क्रीनच्या पाठीला दोन्ही बाजूंनी टेकवा आणि वरच्या कडेला हुक द्या. स्क्रीनचा कोपरा बोटाने टिचकून बघा, ती एक-दोन हेलकाव्यांतच थांबली पाहिजे.

फिरणारी हार्ड डिस्क असेल तर काढून एसएसडी घाला, याला पर्याय नाही. तिचं हेड फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते त्याच तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेवर तरंगतं म्हणून उंचीचीही मर्यादा येते, आणि बहुतेक डिस्कना चालू असताना ३,००० मीटरच्या आसपासच ती दिलेली असते. उंच खिंडीत नेमक्या वेळी नकाशा गेला तर कारण हेच असू शकतं.

मजबूत लॅपटॉप घ्यावा का? पॅनासॉनिकची टफबुक मालिका १९९६ पासून याच कामासाठी आहे आणि जुनं टफबुक घेणं हा चांगला मार्ग आहे. जाहिरातीत ‘मिल-एसटीडी-८१०’ लिहिलेलं दिसलं की विचारा, त्यातली कोणती पद्धत? ते अमेरिकी लष्करी मानक म्हणजे अनेक चाचण्यांचा संच आहे. पद्धत ५१४ थरथरीची, ५१६ धक्क्याची. नुसती टेबलावरून पाडण्याची चाचणी पास झालेला लॅपटॉपही तेच नाव लावतो. आयपी ६५ मात्र नेमकं सांगतं: धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार सोसते.

वीज

इन्व्हर्टर नको. १२ व्होल्टचे घरगुती व्होल्टेज करायचे आणि लॅपटॉपच्या ॲडाप्टरने पुन्हा १९-२० व्होल्टचे करायचे, यात दोनदा वीज वाया जाते. इन्व्हर्टरचा पंखा धूळ ओढतो, स्वस्त इन्व्हर्टरची लहर चौकोनी असल्याने काही ॲडाप्टर तापतात, आणि पाणी शिरणाऱ्या गाडीत उच्च व्होल्टेज फिरवण्याची गरजही नाही. थेट डीसी ते डीसी कन्व्हर्टर घ्या. लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तर १२ व्होल्टचा पॉवर डिलिव्हरी चार्जर सगळ्यांत सुटसुटीत. २० व्होल्टला ३ ॲम्पिअर म्हणजे ६० वॅट. त्यापेक्षा जास्त हवे असतील तर ५ ॲम्पिअरची चिप असलेली केबलच लागते, साधी केबल ६० वर थांबते.

गोल पिनचा जुना लॅपटॉप असेल तर पिनच्या मापाबरोबर आणखी एक गोष्ट पाहा. डेलच्या पिनच्या मधल्या बारीक तारेवरून लॅपटॉप ॲडाप्टरची ओळख वाचतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि संध्याकाळी बॅटरी रिकामी का झाली ते कळत नाही. त्या मॉडेलसाठीचाच कन्व्हर्टर घ्या.

सिगारेट लायटरचा सॉकेट विसरा. तिथला संपर्क स्प्रिंगच्या दाबाने टिकतो, आणि पन्हळीवर तो सेकंदाला कित्येकदा सुटतो. लॅपटॉप चार्जिंग चालू-बंद करत राहतो आणि कन्व्हर्टर तापतो. बॅटरीपासून स्वतंत्र लाइन ओढा.

हिशेब असा. ६५ वॅटचा लॅपटॉप, कन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला ७२ वॅट. बॅटरी ११ व्होल्टवर आली असताना ६.६ ॲम्पिअर. बॅटरीपासून केबिनपर्यंत ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळपास अर्धा व्होल्ट पडतो, ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३. चारचीच घ्या, म्हणजे पुढे १०० वॅटचा चार्जर लावला तरी तीच पुरते. १५ ॲम्पिअरचा ब्लेड फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५ सेंटीमीटरच्या आत. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो केबिनच्या टोकाला लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते.

फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्यातून, वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. पत्र्याच्या कडेने इन्सुलेशन कापलं जाणं हे गाडीला आग लागण्याचं नेहमीचं कारण आहे. पुढे ३० ॲम्पिअरचा रिले (विजेने चालणारा स्विच): ३० नंबरवर बॅटरी, ८७ वर कन्व्हर्टर, ८५ बॉडीला, ८६ चावीच्या ॲक्सेसरी लाइनला. म्हणजे चावी काढली की कन्व्हर्टर बंद, आणि रात्रभरात बॅटरी उतरण्याची भीती नाही. निगेटिव्ह वायर बॉडीच्या ठरलेल्या अर्थ बोल्टला द्या. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो, आणि थेट टोकाला जोडलं तर त्याचा हिशेब चुकतो. जोड सगळे क्रिम्प केलेले थिंबल आणि वर हीट श्रिंक. सोल्डर केलेली तार जिथे सोल्डर संपतं तिथेच थरथरीने तुटते. काढ-घालीसाठी अँडरसन पॉवरपोल कनेक्टर उत्तम.

सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज ६ ते ९ पर्यंत खाली येऊ शकतं आणि अल्टरनेटरवरचा भार अचानक सुटला तर क्षणभर भलतंच वर जातं. म्हणून कन्व्हर्टर गाडीसाठी बनवलेला हवा, आयएसओ ७६३७ किंवा १६७५० या गाडीतल्या विजेच्या मानकांचा उल्लेख असलेला. लॅपटॉपची बॅटरी मेली आहे म्हणून काढून टाकलेली असेल तर दर वेळी सेल्फ मारताना तो बंद पडेल. नवी बॅटरी घाला, ती इथे यूपीएसचं काम करते.

कन्व्हर्टर रेडिओच्या आणि जीपीएसच्या सिग्नलमध्ये अडथळा आणू शकतो. रेडिओ खरखरू लागला तर कन्व्हर्टर बंद करून बघा. दोष तिथला निघाला तर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही वायरींवर फेराइटची (अडथळा शोषणारी) कडी बसवा आणि कन्व्हर्टर अँटेनाच्या केबलपासून लांब हलवा.

प्लग

या भागात सगळ्यांत जास्त बिघाड होतात आणि सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. यूएसबीचा प्लग हा लॅपटॉपच्या मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या सॉकेटचा लांब लिव्हर असतो. केबल लोंबकळत असेल तर प्रत्येक धक्क्याला ती सॉकेट उपटायचा प्रयत्न करते. काटकोनी प्लग वापरा, प्लगपासून ५-७ सेंटीमीटरवर केबल ट्रेला टायने बांधा, आणि त्या दोघांमध्ये छोटी सैल कमान सोडा. ताणून बांधलेली केबल सैल केबलइतकीच वाईट. हब वापरत असाल तर तोही ट्रेलाच पक्का करा आणि लॅपटॉपला हबची एकच केबल जाऊ द्या. चुंबकी प्लग इथे नको.

जीपीएस

लॅपटॉपला जोडायचा यूएसबी रिसीव्हर गाडीच्या छतावर चुंबकाने बसवा. काचेआड चालतो, पण तापणाऱ्या किंवा धातूचा थर असलेल्या काचेआड सिग्नल दबतो. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपेक्षा लांब नको. रिसीव्हरची केबल यूएसबी ३ च्या पोर्टपासून आणि कन्व्हर्टरपासून दूर ठेवा.

जुने सर्फ चिपचे रिसीव्हर ४८०० बॉडवर (माहिती पाठवण्याच्या वेगाचं माप) बोलतात, यूब्लॉक्सचे बरेचसे ९६०० वर. नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये तोच आकडा टाका, नाहीतर पोर्ट उघडतं आणि काहीच येत नाही. सर्फमध्ये एक खोड आहे: स्टॅटिक नेव्हिगेशन चालू असेल तर वेग माणसाच्या चालीइतका खाली आला की तो जागा गोठवतो. रस्त्यावर हे कळतही नाही. दगडांतून लो रेंजमध्ये सरकताना मात्र नकाशावरचा बाण बराच वेळ तिथेच उभा राहतो आणि मग उडी मारतो. कंपनीच्या सेटिंग प्रोग्रॅममधून ते बंद करा. तारीख १९ वर्षं मागे दाखवत असेल तर रिसीव्हर बिघडलेला नाही. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीआकडा १,०२४ ला पुन्हा शून्य होतो, आणि तसं शेवटचं एप्रिल २०१९ मध्ये झालं. जागा बरोबरच असते, फक्त ट्रॅकच्या फायलींची नावं गोंधळतात.

विंडोजवर आणखी एक विचित्र प्रकार घडतो. रिसीव्हर लावलेला असताना लॅपटॉप सुरू केला की कधीकधी विंडोज त्याला जुना सीरियल माऊस समजतं. कर्सर आपोआप पळतो, खिडक्या उघडतात, क्लिक होतात. व्हायरस नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसांच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट’ दिसेल, ते डिसेबल करा. पुन्हा पुन्हा येत असेल तर रजिस्ट्रीत ‘सरमाऊस’ सेवेची ‘स्टार्ट’ किंमत ३ ची ४ करा. रिसीव्हर कायम एकाच यूएसबी पोर्टला लावा. पोर्ट बदललं की कॉम नंबर, म्हणजे विंडोजने रिसीव्हरला दिलेला पोर्ट क्रमांक, बदलतो आणि प्रोग्रॅमला तो सापडत नाही. एका वेळी एकच प्रोग्रॅम ते पोर्ट उघडू शकतो. दोन हवे असतील तर मध्ये पोर्ट वाटणारा प्रोग्रॅम लागतो. लिनक्सवर जीपीएसडी हे काम स्वतःच करतं.

निघण्याआधी पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर ‘काही करू नका’, स्लीप बंद, आणि ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद. हे शेवटचं राहिलं तर बॅटरीवर गेल्यावर जीपीएस मधेच गायब होतो. अपडेट थांबवा. टचपॅड बंद करून ट्रेवर ट्रॅकबॉल पक्का करा, कारण हलत्या गाडीत टचपॅडवर बोट टेकवलं की नकाशा भलतीकडे जातो.

स्कॅन केलेल्या जुन्या नकाशांचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा आधार, तपासा. ऑस्ट्रेलियाचे जुने एजीडी ६६ डेटमवरचे नकाशे जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ डेटमवरचे समजून उघडले तर जागा सुमारे २०० मीटर सरकते. वाळवंटात हे खपेल, पण दरीच्या काठाने जाणाऱ्या वाटेवर नाही. घरासमोरचा एक ठळक चौक नकाशावर जुळतो का ते निघण्याआधीच पाहा.

ऊन, धूळ आणि नंतरची देखभाल

साध्या लॅपटॉपची स्क्रीन २५० ते ३०० निटची (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) असते. उघड्या उन्हात वाचायला ८०० ते १,००० लागतात. स्क्रीन बदलता येत नसेल तर मॅट फिल्म आणि तीन बाजूंनी काळ्या फोमचं छत्र, एवढ्याने बंद केबिनमध्ये काम भागतं. रात्री उलट त्रास होतो: चालकाच्या डोळ्यांवर उजेड येतो, म्हणून प्रोग्रॅमची रात्रीची रंगसंगती आधीच लावून ठेवा.

धुळीच्या रस्त्यावर खिडक्या बंद आणि एसीचा पंखा चालू ठेवा. पंख्याच्या तोंडावर दाट जाळी चिकटवू नका, हवा कोंडते. दर मुक्कामाला मऊ ब्रशने तोंड साफ करणं जास्त उपयोगी. थांबलेल्या गाडीत उन्हात लॅपटॉप ठेवू नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं टाळावं, आणि बंद केबिन त्याच्या कितीतरी वर जाते. म्हणूनच ट्रे असा करा की पट्टा आणि दोन हुक सोडून लॅपटॉप एका मिनिटात हातात येईल.

खराब रस्त्याचे पहिले ५० किलोमीटर झाले की थांबून सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. सीटचे आधी. प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक रेघ मारा. रेघ तुटली की नट फिरला, नुसत्या नजरेने कळतं. दर मोठ्या प्रवासानंतर वेल्डच्या कडा आणि दांड्याचे वाक भिंगाने पाहा, गोळ्याचं रबर चकाकू लागलं असेल तर सांधा बदला, आणि स्प्रिंग काट्याची तीच चाचणी पुन्हा करून आकडा लिहून ठेवा. पाव मिलिमीटरचा पाऊण झाला असेल तर कुठेतरी चीर सुरू झाली आहे, किंवा सीटचा बोल्ट सैल आहे.